ठकीची फाइल

४ फेब्रुवारी

ती. मावशी,

साष्टांग नमस्कार. खरं तर साधाच नमस्कार. पोटात दुखतंय, त्यामुळे साष्टांग घालायला वाकता येत नाही. फोन केला तर तू उचलणार नाहीस, आणि उचललास तर "कोण? कुठून? मोठ्याने बोला" यातच दहा मिनिटं जाणार. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचे फोन जोडून देणाऱ्या बाईला फोनचा एवढा तिटकारा का, हे तुझं तूच जाणे. म्हणून हे पत्र.

घाबरू नकोस. गेल्या मंगळवारी शिकवणीच्या गाडीत होते. शेजारी एक निवृत्त हेडमास्तर, उतारवयात गाडी शिकायला आलेले. त्यांनी क्लच सोडला आणि नेमकी त्याच क्षणी माझ्या पोटात उजवीकडे अशी कळ आली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. माझ्या पायाखालचा ब्रेक दाबून गाडी कडेला घेतली. हेडमास्तर म्हणाले, "माझं काही चुकलं का?" म्हटलं, "नाही सर, या खेपेला तुमचं काही नाही."

जवळच्या हॉस्पिटलात गेले. नर्सने डावा हात ओढून बीपीचा पट्टा बांधला. यंत्र फुगलं, सुसकारलं, आकडा काही देईना. तिने मनगटावर बोटं ठेवली आणि ओरडली, "अगं, हिला नाडीच लागत नाही!" झालं. चौघं धावत आले, पाय उंच केले, सलाईन लावलं. मी आपली पडल्या पडल्या सांगतेय, "अहो, तो हात सोडा, उजवा घ्या. डाव्या हाताला लहानपणापासून नाडी लागत नाही." ऐकतंय कोण? शेवटी फरशी पुसणाऱ्या बाई कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "मेलेलं माणूस एवढं बोलतं का? जरा ऐका तिचं." तेव्हा कुठे उजव्या हाताकडे वळले, आणि मी पुन्हा जिवंत झाले.

पित्ताशयात खडे आहेत. सर्जन तरुण आणि उत्साही. "तीन बारीक भोकं, परवा ऑपरेशन, तेरवा घरी." मी हो म्हणून मोकळी झाले होते, पण संध्याकाळी भूल देणाऱ्या डॉक्टरबाई आल्या. मी त्यांचं नाव भूलबाई ठेवलंय. त्यांनी माझे दोन्ही व्रण पाहिले, छातीवरचा उभा आणि डाव्या काखेखालचा आडवा. विचारलं, "हे काय?" म्हटलं, "जन्मतः हृदयात दोष होता, लहानपणी दुरुस्त केला. आता ठणठणीत." त्या म्हणाल्या, "कोणता दोष? काय दुरुस्ती? कागद?" प्रत्येक प्रश्नाला मी नंदीबैलासारखी मान हलवली, फक्त आडवी. त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "मग मी तुम्हाला इथे भूल देणार नाही. तुमची लहानपणीची ऑपरेशनं ज्या मोठ्या हॉस्पिटलात झाली, तिथे आता तुमच्यासारख्या मोठ्या झालेल्या माणसांसाठी वेगळा विभाग आहे. मीही आठवड्यातून दोन दिवस तिथे असते. ऑपरेशन पोटाचं असलं तरी तुमचं तिथेच व्हायला हवं. आणि जुने कागद शोधा."

आता कागदांचं ऐक. ती निळी पिशवी आपल्या धाकट्या भाऊरायाने घर रंगवताना वर्तमानपत्रांसोबत रद्दीत घातली. "वर 'जुने कागद' असं लिहिलं होतं, मी तरी काय समजू?" असं वर मलाच विचारतो. आईला विचारलं तर म्हणाली, "त्या वेळचं सगळं मावशीला ठाऊक, तिलाच विचार," आणि भाजी निवडायला बसली.

तर मावशी, सांग. काय झालं होतं, कोणत्या साली, आणि एखादा कागद तुझ्याकडे आहे का?

तुझी,
ठकी


९ फेब्रुवारी

चि. ठकी,

अनेक आशीर्वाद, आणि पोटासाठी एक जादा.

तुझं पत्र वाचून माझ्याच पोटात कळ आली. गरम पाणी पीत जा. आमच्या शेजारणीच्या जावेचे खडे म्हणे नुसत्या गरम पाण्याने गेले. खडे गेले की जाऊ गेली ते मला नीट ऐकू आलं नाही, पण शेजारीण हसत होती, म्हणजे खडेच असावेत.

तू विचारलंस म्हणून आठवून लिहिते. तू अडीच वर्षांची होतीस. वॉर्डात चौदा खाटा, तुझी खिडकीपासून तिसरी. थोरल्या नर्सचे बूट करकरायचे, त्यामुळे ती दारात येण्याआधीच सगळी मुलं शहाण्यासारखी आडवी व्हायची. शेजारच्या खाटेवरचं पोर औषधाची बाटली दिसली की झोपेचं सोंग घ्यायचं, आणि ते इतकं हुबेहूब घोरायचं की त्याची आईसुद्धा फसायची. तू पेल्यातलं दूध पीत नव्हतीस. बशीत ओतलं आणि "मांजर कुठे गेलं?" म्हटलं की दोन हातांवर ओणवी होऊन लपालपा प्यायचीस. बशीला कडेला टवका होता, तुझ्या ओठाला लागेल म्हणून तो मी पलीकडे फिरवून धरायचे. सगळे तिथे मला [इथे शाई सांडली आहे].

ऑपरेशन काय केलं म्हणशील, तर डॉक्टर फार भराभर बोलले आणि मी हो हो म्हटलं. मग सहाव्या वर्षी दुसरं झालं, तेव्हा तुझे आईबाबा होतेच. आणि कागद माझ्याकडे कसे असतील? मी कोण? मावशी. कागद आईबापांकडे असतात. मला त्यातलं काही म्हणजे काहीच माहीत नाही.

आता तू धडधाकट आहेस, लोकांना गाडी शिकवतेस, मग जुनं उकरून काय काढायचं? तेलकट सोड, खडे आपोआप जातील.

मावशीचे आशीर्वाद


१५ फेब्रुवारी

ती. मावशी,

नमस्कार. तू गेली वीस वर्षं बॉलपेनने लिहितेस. बॉलपेनची शाई कशी सांडते, ते मला एकदा करून दाखव.

गरम पाणी पिते आहे. खडे जागेवर आहेत.

काल मोठ्या हॉस्पिटलात गेले. आधी तळघरातल्या रेकॉर्ड विभागात. तिथले क्लार्क म्हणजे देवमाणूस. कानाला पेन्सिल, अंगात स्वेटर, आणि सन्नाट्याची इतकी सवय की मी खोकले तर ते दचकले. आईच्या नावाने शोधलं, बाबांच्या नावाने शोधलं, माझ्या पाळण्यातल्या नावाने शोधलं. दोन तास. शेवटी म्हणाले, "बाई, तुमचं ऑपरेशन इथे झालेलंच नाही." मी म्हटलं, "मग हे काय शिवणाच्या क्लासात झालं?" आणि गळ्याजवळचं एक बटण काढून व्रणाचं वरचं टोक दाखवलं. ते लाजून पुन्हा शोधायला गेले. नाहीच.

मग त्या वेगळ्या विभागात गेले. मावशी, तुला सांगते, त्रेचाळीस वर्षांत पहिल्यांदा मी अशा खोलीत बसले जिथे प्रत्येकाला माझ्यासारखी शिवण आहे. एक बँकेतले कॅशियर, एक सातवा महिना लागलेली मुलगी, एक भल्या मोठ्या मिशांचे सुतार. सुतारांनी मला बसल्या बसल्या विचारलं, "तुमची किती?" मला वाटलं मुलं विचारताहेत. "ऑपरेशनं हो!" म्हटलं, "दोन." त्यांनी चार बोटं दाखवली आणि मिशीवरून हात फिरवला. मला चक्क कमीपणा वाटला.

हृदयाच्या डॉक्टरांनी इकोच्या यंत्राने तासभर तपासलं. म्हणाले, जन्मतः माझ्या हृदयात एक नाही, चार दोष होते. पहिल्या वेळी त्यांनी डाव्या हाताकडे जाणारी रक्तवाहिनी वळवून फुफ्फुसाकडे जोडली, म्हणजे निळं पडलेलं रक्त हवेपर्यंत पोचावं. नाडी तिथे गेली. आणि मी इतकी वर्षं समजत होते की माझा डावा हात जन्माचा आळशी! दुसऱ्या वेळी आतलं मोठं काम केलं. पण त्यातली एक झडप आता गळते. आज घाई नाही, पुढे काही वर्षांनी नवी बसवावी लागेल कदाचित, तोवर दरवर्षी येऊन दाखवायचं. मी म्हटलं, "पण मी बरी झाले होते ना?" ते म्हणाले, "दुरुस्त झाला होतात. दोन्हींत फरक आहे." मी गाडीच्या धंद्यातली बाई. एकदा दुरुस्त केलेली गाडी पुन्हा गॅरेजला दाखवू नका, असं मी कुणाला शिकवत नाही. स्वतःच्या बाबतीत मात्र चोवीस वर्षं तेच केलं. एकोणिसाव्या वर्षी मुलांच्या डॉक्टरांनी "आता मोठ्यांच्या विभागात जा" म्हणून पाठवलं, तिथे सगळे सत्तरीचे आजोबा, मला पाहून म्हणाले, "तू इथे काय करतेस?" मलाही तेच वाटलं, आणि मी उठून आले ती आलेच.

पित्ताशयाचं ऑपरेशन बारा मार्चला ठरलंय. जोडण्या तपासणीत दिसतात, पण त्या वेळी भुलीत काय झालं, कोणत्या औषधाने काय झालं, ते कुठल्याच यंत्रात दिसत नाही. म्हणून भूलबाई फाइल फाइल करताहेत. मी सगळ्यांपुढे विनोद करते, पण तुला खरं सांगते, मला भीती वाटते.

मावशी, रागावू नकोस, पण विचारते. हल्ली तुला विसरायला होतं का? तसं असेल तर त्यात लाज कसली?

ठकी


२० फेब्रुवारी

चि. ठकी,

आशीर्वाद.

विसरते मी? एक्स्चेंजमधल्या साडेतीनशे लोकांचे नंबर आजही झोपेत विचार. तुझ्या बाबांच्या ऑफिसचा चार शून्य सात, आणि तिथला शिपाई तो उचलून आधी शिंकायचा. माझं डोकं ठिकाणावर आहे, फक्त कान सुटीवर गेलेत.

एक गोष्ट तुझ्या त्या भूलबाईंना सांग. पहिल्या ऑपरेशनच्या वेळी तुला आत नेऊन थोडा वेळ झाला नाही तोच धावपळ सुरू झाली. दार उघडलं तेव्हा मला दिसलं, तू लालबुंद झाली होतीस, तोंड सुजून टम्म. नंतर एक डॉक्टर घाम पुसत आले आणि मला म्हणाले, "एक औषध तिला बाधलं, वाचली. तिला ते पुन्हा कधी द्यायचं नाही, मी लाल शाईने लिहून ठेवलंय." नाव सांगितलं, पण ते मला तेव्हाही कळलं नाही. दुसऱ्या खेपेला त्यांनी तेच पान पाहून दुसरं औषध दिलं.

एवढं पुरे. आणि मला विसराळू म्हणायचं नाही.

मावशी


२४ फेब्रुवारी

ती. मावशी,

चुकले, कान धरते. साडेतीनशेच काय, तू पूर्ण डिरेक्टरी आहेस.

तुझं पत्र भूलबाईंना वाचून दाखवलं. त्या खुर्चीतून उठल्याच. "हेच मला हवं होतं! पण औषध कोणतं? तशी पाच-सहा असू शकतात. सगळी टाळायची म्हटली तर माझे दोन्ही हात बांधल्यासारखं होईल, आणि तुमच्या हृदयाला तेही परवडणार नाही." आता सगळं त्या लाल शाईच्या पानावर आलंय.

काल पुन्हा कळ आली. या वेळी तापही आला. त्यामुळे तारीख अलीकडे आणून पाच मार्च केली. धाकटा रोज रद्दीवाल्याकडे चकरा मारतो, तो रद्दीवाला आता त्याला बघून दुकान बंद करतो.

मावशी, डॉक्टर घाम पुसत आले आणि तुलाच सांगितलं. तुलाच का? आई कुठे होती? तुझ्या पाया पडते, जे काही असेल ते लिही. चांगलं, वाईट, कसंही.

ठकी


२७ फेब्रुवारी

चि. ठकी,

हे पत्र तू वाच आणि फाडून टाक. आईच्या हाती लागू देऊ नकोस.

तुझी फाइल सापडणार नाही, कारण ती माझ्या सासरच्या आडनावाखाली आहे. आणि नाव लिहिलंय 'ठकी'.

तुझी आई तेव्हा माहेरी होती. धाकट्याच्या वेळी तिला आठवा होता, डॉक्टरांनी पलंगावरून उठायचं नाही म्हणून सांगितलेलं. बाबा रस्त्याच्या मोजणीवर, तंबू रोज पुढे सरकायचा, तार पोचायला चार दिवस. मी तुला फक्त तपासायला घेऊन गेले होते. तिथे तू रडलीस, आणि रडता रडता निळी पडलीस. ओठ, नखं, सगळं. डॉक्टर म्हणाले, आजच करावं लागेल, उद्यावर ढकललं तर सांगता येत नाही. खिडकीवरच्या कारकुनाने फॉर्म पुढे केला. "आई किंवा वडील, सही. दुसऱ्या कुणाची चालणार नाही." मी म्हटलं, "ते दोघं..." त्याने मानही वर केली नाही. "मुलीची आई कोण?"

मी म्हटलं, "मी."

ठकी, माझी जीभ अडखळली नाही. साहेब समोर बसलेले असताना "साहेब जागेवर नाहीत" हे मी रोज पन्नास वेळा सांगायचे, सवय होती. त्याने आडनाव विचारलं, माझ्या हातात एक्स्चेंजचं ओळखपत्र होतं, तेच दाखवलं. मुलीचं नाव म्हणताना माझ्या तोंडून 'ठकी' निघून गेलं. 'नातं' असं लिहिलेल्या रकान्यात मी 'आई' लिहिलं. अक्षर चांगलं आलं, एवढंच आठवतं.

मग अठरा दिवस मी तिथे ठकीची आई होते. नर्स तशीच हाक मारायच्या, बाकीच्या आया तशीच हाक मारायच्या. तुला माहीत आहे, मला मूल नाही. होणार नाही हे मला आदल्याच वर्षी कळलं होतं. खोटं बोलल्याचं वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. हाक आली की मी ओ द्यायचे.

नवव्या दिवशी तुझे बाबा येऊन पोचले, तर नर्सना वाटलं हे माझे यजमान. थोरली नर्स त्यांना म्हणाली, "बायको किती वाळलीय बघा, जरा लक्ष द्या तिच्याकडे." भावोजी बिचारे मान खाली घालून हो म्हणाले. त्यांना वाटलं, ती तुझ्या आईबद्दल बोलतेय. माझ्या खऱ्या यजमानांना, तुझ्या काकांना, मात्र घरी येऊन सगळं सांगितलं. ते पोट धरधरून हसले, म्हणाले, "मग त्या फाइलमध्ये मी कोण?"

सहाव्या वर्षी तीच फाइल पुढे चालू झाली. तुझी आई पाणी आणायला बाहेर गेली, तेवढ्यात त्यांनी "ठकीची आई" म्हणून पुकारलं आणि मी पटकन सही करून टाकली. नंतर दर तपासणीला "मला रस्ता माहीत आहे" म्हणून मीच तुला घेऊन जात राहिले, कुणी फाइल उघडून आईचं नाव वाचायला नको म्हणून.

खोट्या सहीला तुरुंग होतो म्हणतात. त्याची मला आता भीती नाही, तिथे निदान फोन तरी घ्यायला लागणार नाही. भीती आहे ती ताईची. ती पलंगावर पडलेली असताना मी तिची जागा घेतली. तिने मला लहानपणी कडेवर वाढवलं, आणि मी तिचंच मूल कागदावर माझं करून ठेवलं. हे तिला कळलं तर मी तिला तोंड कसं दाखवू?

पण तुझं पोट माझ्या तोंडापेक्षा मोठं आहे. जा, फाइल काढ.

तुझी,
मावशी


४ मार्च

ती. मावशी,

अकरा मिनिटं. क्लार्कना आडनाव सांगितल्यापासून फाइल टेबलावर येईपर्यंत घड्याळ लावून अकरा मिनिटं. त्यांनी धूळ झटकली, वरचं नाव वाचलं, "ठकी?" आणि नोकरी लागल्यापासून पहिल्यांदा हसल्यासारखे हसले.

मी ती तिथेच तळघरात उघडली. पहिल्या पानावर तुझं अक्षर. मग मला पुढचं काही वाचता येईना, क्लार्कनी मला स्वतःचा रुमाल दिला. धुतलेला होता.

लाल शाईचं पान आहे. भूलबाईंनी औषधाचं नाव वाचलं, उद्यासाठी लिहिलेला आपला कागद काढला, आणि त्यावरची पहिलीच ओळ खोडली. मग पाणी प्यायल्या. तेच औषध होतं, मावशी. पाच-सहांपैकी जे टाळता येईल असं त्यांना वाटलं नव्हतं, नेमकं तेच.

तुरुंगाचं मी हृदयाच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "चाळीस वर्षांनी कुणी बेड्या घेऊन आलंच, तर आधी माझ्याकडे पाठवा, त्यांचं बीपी तपासतो." त्यांनी मला एक पानभर सारांश करून दिलाय. दोष काय, ऑपरेशनं कोणती, कोणतं औषध वर्ज्य, बीपी फक्त उजव्या हाताला, अडचण आली तर फोन कुठे करायचा. कायम जवळ बाळगायचा. त्याच्या पाच प्रती केल्या, आणि धाकट्याला एकही दिलेली नाही.

आईला मी सांगणार नाही. ते तुझं आहे, तू सांगायचं तेव्हा सांग. ठकास महाठक म्हणतात, पण ठकीची महाठकी मावशी असते हे मला आज कळलं. मी रागावेन असं तुला कसं वाटलं? तू त्या दिवशी खरं बोलली असतीस, तर आज हे पत्र लिहायला मी नसते.

उद्या सकाळी आठला. भीती आहे, पण आता बेताची.

तुझी,
ठकी


१३ मार्च

ती. मावशी,

साष्टांग नमस्कार, आणि या वेळी खराखुरा. वाकता येतं!

खडे सात निघाले. भूलबाईंनी माझ्या डाव्या दंडावर आधीच पेनाने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं, 'हा हात नाही'. ऑपरेशननंतर हृदयवाल्यांनी दोन दिवस जास्त ठेवून घेतलं, तारा लावून, दर तासाला पाहत. शिकाऊ डॉक्टरांच्या झुंडीच्या झुंडी आल्या. प्रत्येकाला माझ्या डाव्या मनगटावर बोटं ठेवून "खरंच नाही!" म्हणायचं होतं. तिकीट लावलं असतं तर नवी गाडी आली असती. सुतारही भेटून गेले. मी त्यांना म्हटलं, "माझी तीन झाली." ते म्हणाले, "पोटाचं धरत नाहीत."

आता मुख्य. शुद्धीवर आले त्या दुपारी आई शेजारी बसली होती, आणि ती फाइल खाटेजवळच्या कपाटावर उघडी. माझं अंग जड, तरी कसाबसा हात लांबवून मी त्यावर वर्तमानपत्र सरकवलं. आई म्हणाली, "राहू दे ते. मला ते सदतीस वर्षांपासून ठाऊक आहे." मला वाटलं, भूल उतरली नाही अजून.

मी तिला म्हटलं, तूच मावशीला लिही. ती म्हणाली, "तुझ्याच पत्रात मला थोडी जागा ठेव." म्हणून इथे थांबते. खालचं तिचं.

ठकी


बयो,

पोर बरी आहे, जेवते आहे, आणि सगळ्यांना बोलून बेजार करते आहे.

दुसऱ्या ऑपरेशनच्या वेळी मी पाणी घेऊन परत आले तेव्हा तू खिडकीपाशी सही करत होतीस. मी दारातच उभी होते. कारकून म्हणाला, "ठकीची आई, इथे अजून एक," आणि तू दुसरी सही केलीस. मला सगळं एका क्षणात कळलं. आत यायला पाय उचलला होता. पण सही करून तू वळलीस आणि ठकी तुझ्या कडेवर चढली, तेव्हा तुझा चेहरा मी पाहिला. मी तशीच मागे फिरले, पुन्हा नळापाशी गेले, आणि भरलेला तांब्या ओतून परत भरला.

तू माझी जागा घेतलीस असं लिहिलं आहेस म्हणे. ठकीने काही दाखवलं नाही, पण भुलीत बडबडली. वेडी आहेस. जागा रिकामी होती, आणि तू ती भरलीस म्हणून माझं मूल जगलं. राग मला कधीच आला नाही. हेवा मात्र वाटला, तो लपवत नाही. पहिल्या वेळी ती अठरा दिवस तुझ्याजवळ होती, आणि मी पलंगावर पडून छताकडे बघत होते. तू परत आलीस ती तोंड शिवूनच. "सगळं ठीक झालं" एवढंच म्हणालीस. मला वाटायचं, कधीतरी बसून सांगशील. तू काही सांगितलं नाहीस, आणि तुझं गुपित फुटेल म्हणून मीही कधी विचारलं नाही. ती तिथे काय खायची, कशी झोपायची, माझी आठवण काढायची का, मला यातलं काही माहीत नाही.

आता सगळे कागद उघडे झाले. तेव्हा शनिवारच्या गाडीने ये, चार दिवस राहायला ये. आणि मला ते अठरा दिवस सांग. पहिल्या दिवसापासून, काही न गाळता.

तुझी,
ताई